ट्रॅक्टर-ट्रॉलीचा मागील ब्रेकदिवा : दोष शोधण्याची पद्धत

ट्रॅक्टर हे शेतीचे अवजार असले तरी वर्षातील पुष्कळ दिवस ते रस्त्यावरील वाहनही असते. धान्य बाजारपेठेत नेणे, खते व बियाणे आणणे आणि गळीत हंगामात ऊस कारखान्यावर पोहोचविणे ही कामे ट्रॅक्टर-ट्रॉलीकडूनच करून घेतली जातात. उसाचा हंगाम साधारणतः ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होऊन मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. या काळात भरलेल्या ट्रॉल्या रात्रीच्या अंधारात संथ गतीने जात असतात आणि त्याच रस्त्याने मोटारी, एस. टी. गाड्या व मोटारसायकली वेगाने येत असतात. अशा वेळी मागून येणाऱ्या माणसाचा जीव ट्रॉलीच्या मागे असलेल्या लहानशा तांबड्या दिव्यावर अवलंबून असतो.

ब्रेकदिव्याचा एक विशेष ध्यानात घ्यावा. पुढील दिवा बंद पडला तर चालकाला रस्ता दिसेनासा होतो व तो लगेच दुरुस्तीच्या मागे लागतो. ब्रेकदिव्याचा उपयोग मात्र चालकाला नसून मागून येणाऱ्याला असतो. त्यामुळे तो बंद पडल्याचे चालकाला समजतच नाही. महिनोन्महिने दिवा बंद असूनही ट्रॅक्टर उत्तम चालू आहे अशीच मालकाची समजूत राहते.

ताशी ६० किलोमीटर वेगाने येणारे वाहन एका सेकंदात सुमारे १७ मीटर अंतर तोडते. पुढे धोका दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत चालकाला दीड सेकंद लागला असे धरले, तर तेवढ्या अवधीत त्याचे वाहन २५ मीटर पुढे गेलेले असते, आणि ब्रेक लागण्यास त्यानंतर आरंभ होतो. ट्रॉलीचा ब्रेकदिवा लागलाच नाही, तर पुढील वाहन थांबत आहे हे त्याला अंतर कमी झालेले दिसल्यावरच उमगते. अंधारात हे उमगण्यास फार उशीर होतो. मोटर वाहन अधिनियम, १९८८ प्रमाणे ट्रॅक्टर व ट्रॉली ही दोन्ही वाहनेच आहेत. तेव्हा रस्त्यावर येताना त्यांचे दिवे सुस्थितीत ठेवणे ही मालकाची जबाबदारी होय.

या दिव्यातील बहुतेक दोष शेतकऱ्यास घरच्या घरी, थोड्या साधनांनी शोधता येतात. मात्र त्यासाठी दिसेल तो भाग बदलत सुटण्याऐवजी क्रमाने तपासणी केली पाहिजे. तो क्रम या लेखात दिला आहे.

विजेचा मार्ग

दोष शोधण्यापूर्वी वीज कोणत्या वाटेने जाते हे समजून घेणे अगत्याचे आहे. ट्रॅक्टरची बॅटरी सामान्यतः १२ व्होल्टची असते. तिच्या धन टोकाकडून निघालेली वीज फ्यूजमधून ब्रेकच्या स्विचकडे येते. हा स्विच ब्रेकच्या पायटापाशी बसविलेला असतो. पायटा दाबला की स्विच मिटतो व वीज तारेने मागील बल्बकडे जाते. ट्रॉली जोडली असल्यास ट्रॅक्टरच्या मागील सॉकेटमध्ये बसविलेल्या प्लगमधून ती ट्रॉलीच्या तारांत शिरते.

येथवरचा मार्ग पाटाच्या पाण्यासारखा आहे. परंतु पाटाचे पाणी पिकाला मिळाले की त्याचे काम संपते. विजेचे तसे नाही. बल्बमधून गेलेली वीज बॅटरीच्या ऋण टोकाकडे परत आली तरच दिवा लागतो. ही परतीची वाट म्हणजेच अर्थ. ट्रॅक्टरमध्ये वाहनाचा लोखंडी सांगाडाच या परतीच्या वाटेचे काम करतो. जाण्याच्या वाटेकडे सर्वांचे लक्ष असते व परतीच्या वाटेकडे कोणाचेच नसते. ट्रॉलीच्या दिव्यांत मात्र पुष्कळदा दोष याच परतीच्या वाटेत सापडतो.

तपासणीची साधने

१२ व्होल्टचा एक लहान बल्ब होल्डरात बसवून त्यास दोन लांब तारा जोडाव्यात. एका तारेच्या टोकास चिमटा व दुसरीच्या टोकास खिळा लावावा. हा झाला तपासणीचा दिवा. त्याशिवाय पक्कड, पेचकस, पॉलिश पेपर, इन्सुलेशन टेप, योग्य क्षमतेचा एक जादा फ्यूज, एक जादा बल्ब व चार-पाच मीटर तार जवळ असावी. मीटर उपलब्ध असल्यास उत्तमच. नसल्यास काम अडत नाही.

ट्रॅक्टर सपाट जागी उभा करावा, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून पार्किंग ब्रेक लावावा व चाकांना दगडाची किंवा लाकडाची उटी लावावी. ही तपासणी रस्त्याच्या कडेस करू नये. एका माणसाने पायटा दाबावा व दुसऱ्याने मागे उभे राहून पाहावे.

प्रथम निरीक्षण, नंतर हत्यार

पेचकस हाती घेण्यापूर्वी कोणता दिवा लागतो व कोणता लागत नाही याची नोंद करावी. दोष कोणत्या भागात आहे हे लक्षणांवरूनच बरेचसे कळते.

१. एकाच बाजूचा ब्रेकदिवा लागत नाही : फ्यूज व स्विच चांगले आहेत. दोष त्या बाजूच्या बल्बात, होल्डरात, तारेत किंवा अर्थमध्ये आहे.

२. कोणताही ब्रेकदिवा लागत नाही, पण इतर दिवे व हॉर्न चालतात : फ्यूज, स्विच किंवा त्यांच्यामधील तार पाहावी.

३. ट्रॅक्टरचे ब्रेकदिवे लागतात, ट्रॉलीचे लागत नाहीत : प्लग, सॉकेट, ट्रॉलीची तार किंवा ट्रॉलीचा अर्थ सदोष आहे.

४. पाय काढल्यावरही दिवा लागलेलाच राहतो : स्विच अडकला आहे, त्याची जुळणी चुकली आहे किंवा पायटा पूर्ण वर येत नाही. हा दोषही तितकाच घातक आहे, कारण सदा लागलेल्या दिव्यावरून वाहन थांबत आहे की नाही हे कोणासच समजत नाही.

५. दिवा मंद लागतो : बॅटरी उतरली नसेल तर होल्डर गंजला आहे किंवा अर्थ कच्चा आहे.

६. खड्ड्यात चाक गेले की दिवा फडफडतो : एखादा सांधा सैल आहे.

७. ब्रेक दाबताच रात्रीचा मागील दिवा मंदावतो किंवा वळणाचा दिवा लागला की ब्रेकदिवाही लुकलुकतो : अर्थ कच्चा असून वीज परत येण्यासाठी दुसऱ्या बल्बची वाट धरीत आहे.

८. ब्रेक दाबताच फ्यूज उडतो : तारेचे आवरण निघून ती कोठेतरी लोखंडास टेकली आहे, अथवा फ्यूजच्या मानाने बल्बांचा भार अधिक झाला आहे.

तपासणीचा क्रम

*पहिली पायरी : बल्ब.* दिव्याची काच काढून बल्ब बाहेर घ्यावा. दिवा नुकताच लागलेला असेल तर तो निवू द्यावा. पुष्कळ वाहनांत एकाच बल्बात दोन तंतू असतात : ५ वॉटचा रात्रीच्या मागील दिव्यासाठी व २१ वॉटचा ब्रेकसाठी. म्हणून रात्री मागील दिवा लागतो, यावरून बल्ब चांगला आहे असा निष्कर्ष काढणे चूक ठरेल. दोहोंपैकी एकच तंतू तुटलेला असू शकतो. तंतू पाहून शंका राहिल्यास बल्बचे धातूचे अंग बॅटरीच्या ऋण टोकाशी व तळाचा एकेक ठिपका धन टोकाशी तारेने जोडून पाहावा. दोन्ही तंतू स्वतंत्रपणे लागले पाहिजेत.

नवा बल्ब घेताना जुना सोबत न्यावा. दोन तंतूंच्या बल्बच्या बाजूच्या दोन खुंट्या कमी-अधिक उंचीवर असतात, जेणेकरून तो एकाच रीतीने बसावा. जबरदस्तीने उलटा बसविल्यास रात्री ब्रेकचा तेजस्वी दिवा सतत लागतो व ब्रेक दाबल्यावर मंद दिवा लागतो. त्याच्या जागी एका तंतूचा बल्ब बसविल्यास त्याचा तळ होल्डरातील दोन्ही टोकांना एकदम टेकतो, व ब्रेक दाबताच रात्रीचे दिवेही लागतात.

*दुसरी पायरी : होल्डर.* होल्डरात पाणी, माती किंवा हिरवट-पांढरा गंज असल्यास तो पॉलिश पेपरने घासून काढावा. हे करण्यापूर्वी बॅटरीची ऋण बाजूची तार सोडवून ठेवावी. तळातील टोके दबून गेली असतील तर ती हलकेच वर उचलावीत व सफाईनंतर तार पुन्हा जोडावी.

*तिसरी पायरी : फ्यूज.* तपासणीच्या दिव्याचा चिमटा सांगाड्याच्या स्वच्छ, रंग नसलेल्या भागास लावावा व खिळा फ्यूजच्या दोन्ही बाजूंस आळीपाळीने टेकवावा. काही ट्रॅक्टरांत यासाठी किल्ली चालू स्थितीत असावी लागते. एका बाजूस दिवा लागला व दुसऱ्या बाजूस लागला नाही तर फ्यूज गेला आहे. तो त्याच क्षमतेच्या फ्यूजने बदलावा. फ्यूजच्या जागी जाड तार, खिळा किंवा चांदी-कागद कदापि बसवू नये. मूळ दोष तसाच राहून तारा तापतात, आवरण पेट घेते आणि पाचट किंवा कडब्याने भरलेल्या वाहनात त्याचा परिणाम काय होईल हे सांगण्याची आवश्यकता नाही.

नवा फ्यूजही उडाल्यास ट्रॉलीचा प्लग काढून पुन्हा पायटा दाबावा. आता फ्यूज टिकला तर दोष ट्रॉलीच्या बाजूस आहे. न टिकल्यास ट्रॅक्टरच्या बाजूस. या एका कृतीने शोधाचे क्षेत्र निम्म्यावर येते.

*चौथी पायरी : स्विच.* स्विचला दोन तारा असतात. एकीत वीज आलेली असते, दुसरीत पायटा दाबल्यावर आली पाहिजे. पहिलीत वीज आहे, पण पायटा दाबूनही दुसरीत येत नाही, असे आढळल्यास दोन्ही टोके लहान तारेने क्षणभर जोडून पाहावीत. दिवे लागले तर दोष स्विचचाच होय. ही जोडणी केवळ तपासणीपुरती असून ती तशीच ठेवणे गैर आहे.

स्विच बदलण्यापूर्वी त्याची जुळणी पाहावी. पायट्याची मोकळी हालचाल संपताच, ब्रेक धरू लागण्यापूर्वी, दिवा लागला पाहिजे. स्विचवरील नट सैल करून तो थोडा पुढेमागे सरकवावा व नट पुन्हा घट्ट करावा. अनेकदा चिखल बसल्यामुळे स्विचची दांडी अडकते. ती स्वच्छ केली की काम भागते.

येथे ट्रॅक्टरचे एक वेगळेपण सांगणे आवश्यक आहे. शेतात आखूड वळण घेता यावे म्हणून ट्रॅक्टरला डाव्या व उजव्या चाकाचे ब्रेक स्वतंत्र असतात व पायटेही दोन असतात. काही ट्रॅक्टरांत स्विच त्यांपैकी एकाच पायट्याशी जोडलेला असतो. दुसराच पायटा दाबला गेला तर दिवा लागत नाही आणि दोष नसता दोषाचा भास होतो. याहून गंभीर गोष्ट अशी की, रस्त्यावर वेगात असताना एकाच चाकाचा ब्रेक लागला तर ट्रॅक्टर बाजूस ओढला जाऊन उलटण्याचा धोका असतो. सबब शेतातून रस्त्यावर येण्यापूर्वी दोन्ही पायटे कडीने एकत्र जोडलेच पाहिजेत.

*पाचवी पायरी : तारा, प्लग व सॉकेट.* पायटा दाबून धरावयास सांगावा व तपासणीच्या दिव्याचा खिळा स्विचपासून मागे मागे प्रत्येक सांध्यास टेकवीत जावे. जेथपर्यंत दिवा लागतो तेथपर्यंतची तार चांगली. जेथे लागेनासा होतो त्याच्या अलीकडील तुकड्यात दोष. तारेच्या रंगावर विसंबू नये, कारण जुन्या ट्रॉल्यांत हाती लागेल ती तार जोडलेली असते. तारा सांगाड्याच्या कडेवर घासतात तेथे, हुकाजवळ वाकतात तेथे आणि शेडमध्ये उभ्या वाहनांत उंदरांनी कुरतडलेल्या ठिकाणी विशेष लक्ष द्यावे.

नुसता पीळ देऊन केलेला सांधा पहिल्या पावसाळ्यातच गंजतो. सांध्यास डाख द्यावा किंवा दाबून बसविण्याचा जोड वापरावा व त्यावर टेप घट्ट गुंडाळावी.

*सहावी पायरी : अर्थ.* वरील सर्व ठीक असूनही दिवा लागत नसेल किंवा मंद लागत असेल, तर बल्बच्या होल्डराचे धातूचे अंग एका लांब तारेने थेट बॅटरीच्या ऋण टोकाशी जोडावे व पायटा दाबावा. दिवा लगेच लख्ख लागला तर अर्थ कच्चा आहे हे सिद्ध झाले. मीटर असल्यास ब्रेक दाबलेला असताना होल्डराचे अंग व बॅटरीचे ऋण टोक यांमधील दाब मोजावा. तो शून्याजवळ असावा. अर्धा व्होल्ट किंवा त्याहून अधिक भरल्यास अर्थ दुरुस्त करावा.

ट्रॉलीचा अर्थ

कित्येक ट्रॉल्यांत अर्थची स्वतंत्र तार घातलेलीच नसते. वीज ट्रॉलीच्या सांगाड्यातून, हूक व खिळीमार्गे ट्रॅक्टरमध्ये परत येते. परंतु हुकावर ग्रीस असते, गंज असतो, रंग असतो. आणि ट्रॉली चालताना हूक सतत हलत असतो. अशा सांध्यातून वीज कधी वाहते, कधी वाहत नाही. म्हणूनच उभ्या वाहनात लागणारा दिवा चालत्या वाहनात बंद पडल्याचे आढळते, व दुरुस्ती करणाऱ्यास दोष सापडत नाही.

थोड्याशा अडथळ्यानेही किती फरक पडतो ते पाहा. लागलेल्या २१ वॉटच्या बल्बचा विद्युतरोध सुमारे ७ ओहम असतो. अर्थच्या गंजलेल्या सांध्यात केवळ १ ओहमची भर पडली तर बल्बला १२ ऐवजी सुमारे साडेदहा व्होल्टच मिळतात, आणि त्याचा उजेड साधारणपणे एक-तृतीयांशाने घटतो. धुके किंवा धूळ असलेल्या रात्री एवढी घट प्राणघातक ठरू शकते.

यावर उपाय सोपा आहे. प्लगच्या अर्थच्या टोकापासून ट्रॉलीच्या दोन्ही दिव्यांपर्यंत स्वतंत्र तार ओढावी. ती इतर तारांपेक्षा जाड असावी, कारण सर्व दिव्यांची वीज हिच्यातूनच परतते. सांगाड्यास जेथे ती जोडावयाची तेथील रंग व गंज खरवडून काढून ती बोल्टने घट्ट आवळावी व वरून ग्रीस लावावे.

दोन ट्रॉल्या जोडताना

२१ वॉटचा एक बल्ब १२ व्होल्टवर पावणेदोन अँपिअर वीज घेतो. ट्रॅक्टरच्या दोन बल्बांस साडेतीन अँपिअर लागतात. मागे दोन ट्रॉल्या जोडल्या म्हणजे एकूण सहा बल्ब होतात व साडेदहा अँपिअर लागतात. दोन बल्बांच्या हिशेबाने बसविलेला स्विच हा भार फार काळ सहन करीत नाही. त्याची टोके जळतात. तारेत काहीही दोष नसताना फ्यूज वारंवार उडत असेल तर हे कारण तपासावे. अशा वेळी मोठा फ्यूज न बसविता जाणत्या वायरमनकडून रिले व योग्य जाडीची तार बसवून घ्यावी, अथवा ट्रॉल्यांना एलईडी दिवे लावावेत.

एलईडी दिव्यास वीज अगदी थोडी लागते व खड्ड्यांच्या हादऱ्याने तुटेल असा तंतू त्यात नसतो. शिवाय तंतूच्या बल्बपेक्षा तो सुमारे एक-पंचमांश सेकंद आधी पूर्ण तेजाने लागतो. ताशी ६० किलोमीटर वेगाच्या वाहनास तेवढ्याने ३ मीटरांहून अधिक अंतर मिळते. मात्र त्याची धन व ऋण टोके उलटी जोडल्यास तो लागत नाही, आणि त्यातील बरेच ठिपके विझले तर संपूर्ण दिवा बदलावा लागतो. अर्थ कच्चा असेल तर एलईडी दिवाही दगा देतो, हे विसरू नये.

नित्याची निगा

दिवा उत्तम असूनही तो दिसला नाही तर व्यर्थ. ट्रॉलीमागे लोंबणारे उसाचे वाढे, ताडपत्रीची टोके व काचेवरील चिखल यांमुळे दिवे झाकले जातात. भरणी झाल्यावर चालकाने मागे जाऊन दिवे उघडे आहेत हे डोळ्यांनी पाहावे. दिव्याजवळ तांबडे परावर्तक व परावर्तक पट्ट्या अवश्य लावाव्यात. परंतु त्या दुसऱ्याच्या उजेडाने चमकतात व वाहन थांबत असल्याची सूचना देऊ शकत नाहीत. त्या ब्रेकदिव्याच्या मदतीस आहेत, बदली म्हणून नव्हेत.

वाटेत दोष उद्भवला व तो दूर करता आला नाही, तर अंधारात पुढे जाण्याचा मोह टाळावा. वाहन रस्त्यापासून शक्य तितके दूर घ्यावे व मागे पुरेशा अंतरावर परावर्तक त्रिकोण ठेवावा. खुणेसाठी रस्त्यावर दगड मांडण्याची व निघताना ते तसेच टाकून जाण्याची सवय सोडून द्यावी. त्या दगडांवर मागाहून येणारी मोटारसायकल आदळते.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांसाठी प्रात्यक्षिक

हंगाम सुरू होण्यापूर्वी एखाद्या सायंकाळी गावातील ट्रॅक्टर-ट्रॉल्या शाळेच्या पटांगणात किंवा बाजारतळावर आणवाव्यात. प्रत्येक चालकास आपल्या वाहनाच्या मागे ५० पावलांवर उभे करावे व दुसऱ्यास पायटा दाबावयास सांगावे. आपला दिवा लागत नाही हे चालकाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले म्हणजे व्याख्यानाची गरज उरत नाही. त्यानंतर एका सदोष ट्रॉलीवर वरील सहा पायऱ्या क्रमाने करून दाखवाव्यात. अर्थची तार तात्पुरती जोडून दिवा एकदम उजळतो हे अवश्य दाखवावे. तपासणीचा दिवा तयार करण्याचे काम तरुणांकडून करून घ्यावे व तो गावात सर्वांच्या उपयोगासाठी ठेवावा.

लक्षात ठेवावयाच्या गोष्टी

१. ब्रेकदिवा चालकास दिसत नाही. म्हणून तो दररोज दुसऱ्याच्या मदतीने पाहावा. एकटे असल्यास भिंतीकडे पाठ करून ट्रॅक्टर उभा करावा व ब्रेक दाबून भिंतीवरील तांबडा उजेड पाहावा.

२. आधी लक्षण पाहावे, मग बल्ब, होल्डर, फ्यूज, स्विच, तारा व अर्थ या क्रमाने तपासावे.

३. फ्यूजच्या जागी तार घालू नये.

४. प्रत्येक ट्रॉलीस अर्थची स्वतंत्र तार असावी.

५. रस्त्यावर येण्यापूर्वी ब्रेकचे दोन्ही पायटे कडीने जोडावेत.

६. दिवा दुरुस्त होईपर्यंत अंधार पडल्यावर ट्रॉली रस्त्यावर आणू नये.

एका बल्बास व चार मीटर तारेस लागणारा खर्च उसाच्या एका खेपेच्या भाड्यापुढे नगण्य आहे. मागून येणाऱ्या वाहनात आपल्याच गावचा माणूस असू शकतो, एवढे ध्यानी ठेवून प्रत्येक मालकाने हंगामाच्या पहिल्या खेपेपूर्वी ही तपासणी पुरी करावी.